मासा, नाव आणि नदी : कर्नल साईक्स यांची नोंद

गोव्याच्या सीमेलगत, खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वळून कृष्णेला मिळते. बेळगावची घटप्रभा आणि निपाणी परिसरातील वेदगंगा-दूधगंगा यांचे पाणीही अखेर कृष्णेतच जाते. दख्खनच्या या नद्यांतील माशांचा आरंभीचा शास्त्रीय अभ्यास विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्याने केला.

साईक्स यांचा जन्म 1790 मध्ये इंग्लंडमधील यॉर्कशायरचा. कोवळ्या वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. 1817 च्या खडकीच्या लढाईत ते होते. 1824 मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांच्याकडे दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचे काम सोपवले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्यांच्या अहवालात आले. बेळगाव त्या वेळी धारवाडातच मोडत असे. लोकसंख्या, पिके, हवामान यांच्या जोडीने त्यांनी पशुपक्षी आणि मासेही अभ्यासले.

1838 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांनी दख्खनच्या माशांवरील निबंध मांडला. त्यातील अनेक माशांना त्यांनी मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. खुदरी, कोळस, शिंगटी, अळकुटी ही नावे अशी जगाच्या ग्रंथांत गेली. मुस्कटावर खाच असलेला नकटा ‘नुक्ता’ झाला. मासा कुठे मिळाला, हेही ते नोंदवत. खुदरी पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत सापडला, तर नकटा चाकणजवळ इंद्रायणीत.

मायदेशी परतल्यावर लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले आणि 1857 पासून 1872 मध्ये निधन होईपर्यंत ॲबर्डीनचे खासदार राहिले.

साईक्स यांनी नावासोबत नदी लिहिली. आपण ती विसरलो. आफ्रिकेतील तिलापिया 1952 मध्ये भारतात आणला गेला. तो झपाट्याने वाढतो आणि स्थानिक माशांचे अन्न व विणीच्या जागा बळकावतो. आफ्रिकी मांगूर इतर मासे फस्त करतो. 2000 मध्ये बंदी येऊनही त्याची चोरटी पैदास थांबलेली नाही. 1988 मध्ये देशात शिरलेल्या व्रणरोगाने मरळ जातीच्या माशांच्या अंगावर जखमा पाडल्या. एका तळ्यातील मासे वा पाणी दुसरीकडे नेले की असा रोगही सोबत जातो.

खुद्द खुदरीची कथा याहून बोधप्रद आहे. लोणावळ्याला पैदास करून, संवर्धनाच्याच हेतूने, तो कावेरीत सोडला गेला. तिथे त्याने कावेरीच्याच महाकाय महसीर माशाला मागे रेटले. कृष्णेच्या खोऱ्यातला आपला मासा परक्या नदीत आक्रमक ठरला. इकडे नकटा मात्र संकटग्रस्त माशांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे.

म्हणून धरणात बीज सोडताना, घरातील काचपेटीतले मासे ओढ्यात टाकताना, हा मासा कोणत्या नदीचा, हे आधी विचारले पाहिजे. साईक्स यांनी पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी ते माशांबाबत लिहून ठेवले होते.