कृतज्ञता आणि दातृत्व : रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे गृहस्थजीवन

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने फुलामुलांचे कवी आणि ख्रिस्ती भक्तिकाव्याचे रचनाकार म्हणून झाला आहे. त्यांच्या दातृत्वाच्या हकिकती मात्र बहुधा एका भोळ्या, लहरी कवीच्या गमतीच्या आठवणी म्हणूनच सांगितल्या जातात. वस्तुतः हे दातृत्व त्यांच्या धर्मचिंतनाचेच आचरणातील रूप होते आणि त्याचे मूल्यमापन लक्ष्मीबाईंना वगळून करता येत नाही, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे नागपूर-राजनांदगाव प्रवासात एका सहप्रवाशाने दिलेल्या नव्या कराराने त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) संसार पुन्हा उभा राहिला आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

टिळकांच्या दृष्टीने ईश्वराचे प्रेम ही मनुष्याला पात्रतेवाचून लाभलेली देणगी होती. ती फेडता येत नाही. तिच्याविषयीची कृतज्ञता केवळ इतरांना देण्यातूनच व्यक्त होऊ शकते. त्यामुळे पुण्यसंचयासाठी केलेल्या दानाहून त्यांचे देणे मूलतः भिन्न ठरते. ही कृतज्ञता नव्या धर्मापुरती सीमित नव्हती, हेही लक्षात घ्यावयास हवे. तुकोबांच्या अभंगवाणीमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, याची जाहीर कबुली त्यांनी दिली आणि अभंग व कीर्तन हे मराठी भक्तिपरंपरेचे धन ख्रिस्ती उपासनेत आणले. सोडलेल्या परंपरेचे ऋण मान्य करणे हेदेखील एक प्रकारचे औदार्यच होय.

नगरच्या घरात या विचाराला दैनंदिन रूप आले. मिशनचे वेतन बेताचे. पण हाती आलेला पैसा वाटेत भेटलेल्या गरजूला देऊन टिळक रिकाम्या हाताने परतत. अनाथ मुले, विद्यार्थी, पाहुणे यांचा घरात राबता असे. 1907 च्या जळगाव येथील कविसंमेलनानंतर त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, यांनाही याच घराने आपले मानले.

तथापि, येथे एक नैतिक प्रश्न उपस्थित होतो. देण्याचा आनंद टिळकांचा असे. रिकाम्या डब्यांतून पानावरच्या माणसांचे भागविण्याची जबाबदारी लक्ष्मीबाईंची असे. जो त्याग दुसऱ्याला करावा लागतो, त्याचे श्रेय दात्याला कितपत द्यावे? 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाईंनी पतीच्या या वृत्तीवर देवत्वाचे आवरण घातलेले नाही. त्यांचा राग, त्यांची ओढाताण आणि त्यांचा विनोद या तिन्ही गोष्टी तेथे स्पष्ट आहेत. परंतु आलेल्या मुलाला त्यांनी परके मानले नाही. टिळकांचे औदार्य उत्स्फूर्त, तर लक्ष्मीबाईंचे रोजच्या श्रमांतून सिद्ध झालेले. यातले दुसरे अधिक कठीण होते, असे म्हणावे लागते.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची वेतनाची नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाचे कार्य आरंभिले. बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठीही त्याचे दार उघडे होते. येथे दातृत्व द्रव्यापलीकडे गेले. उपजीविकेची शाश्वतीच त्यांनी देऊन टाकली. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. 1909 मध्ये आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपूर्णच राहिले होते.

ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. शाळेचे रीतसर शिक्षण न लाभलेल्या या स्त्रीने पतीने रचलेल्या अध्यायांपुढे चौसष्ट अध्याय रचले. 1936 मध्ये त्या निवर्तल्या आणि 1938 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या हातांनी एका कवीच्या दातृत्वाचा भार वाहिला, त्याच हातांनी त्याचे काव्य तडीस नेले. म्हणूनच टिळकांच्या चरित्रातील कृतज्ञता आणि दातृत्व ही मूल्ये एका व्यक्तीची नव्हेत, तर त्या दोघांच्या संसाराची म्हणून अभ्यासणे अगत्याचे आहे.