किचनच्या टेबलावर फुगा बनवणाऱ्या डॉक्टरमुळे आज छाती न उघडता हृदयाचं ब्लॉकेज उघडता येतं

काकांना फुगा मारला, मामांना दोन स्टेंट टाकले, परवा डिस्चार्ज आहे. कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या बाहेर चहाच्या टपरीवर दहा मिनिटं उभे राहा, असं बोलणं कानावर पडतंच. अँजिओप्लास्टी हा शब्द आता गावखेड्यातही कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

पण १९७७ च्या आधी जगात कुठल्याच जाग्या माणसाच्या हृदयात असा फुगा गेलेला नव्हता.

त्या काळात हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आला की पेशंटसमोर दोनच रस्ते असायचे. एक म्हणजे गोळ्या खात, छातीतलं दुखणं सांभाळत दिवस काढायचे. दुसरा म्हणजे बायपास. रेने फावालोरो या सर्जनने १९६७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये पायातली शीर काढून ती हृदयाच्या रक्तवाहिनीला जोडली आणि बायपासचं युग सुरू झालं. ऑपरेशन जीव वाचवणारं होतं, पण छातीचं हाड मधोमध कापायचं, हृदय थांबवायचं, रक्त मशीनमधून फिरवायचं, असा सगळा मोठा कारभार.

यातून तिसरा रस्ता काढला एका जर्मन डॉक्टरने. त्यांचं नाव आंद्रेआस ग्रुंत्सिग.

बाप युद्धात गेला, पोरगा पश्चिमेला पळाला

आंद्रेआसचा जन्म २५ जून १९३९ चा, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातला. पुढच्या दोनच महिन्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. वडील युद्धावर गेले ते परत आलेच नाहीत. आईने आंद्रेआस आणि त्याच्या भावाला एकटीने वाढवलं. मधला काही काळ हे कुटुंब अर्जेंटिनातही राहून आलं.

परत आल्यावर घर होतं पूर्व जर्मनीत, म्हणजे कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या भागात. तिथे आपलं काही खरं नाही हे ओळखून आंद्रेआस बर्लिनची भिंत उभी राहण्याआधीच पश्चिम जर्मनीत निघून गेला. हायडेलबर्गला मेडिकलला प्रवेश घेतला आणि १९६४ साली डॉक्टर झाला.

योगायोग बघा, त्याच वर्षी अमेरिकेत एक घटना घडली होती, जिच्यावर पुढे त्याचं सगळं आयुष्य उभं राहणार होतं.

अमेरिकेतला प्लंबर डॉक्टर

१६ जानेवारी १९६४. ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलँडमध्ये ८२ वर्षांच्या एका आजीबाई ॲडमिट होत्या. पायाचा रक्तपुरवठा बंद पडत चाललेला, बोटं काळी पडलेली. सर्जनचं म्हणणं होतं की पाय कापावा लागेल. आजीबाईंनी साफ नकार दिला.

तेव्हा चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने वेगळाच प्रयोग केला. पायाच्या रक्तवाहिनीत एक तार घातली, तिच्यावरून आधी बारीक आणि मग जाड नळी सरकवली आणि अडथळ्यातून वाट मोकळी केली. पाय वाचला. त्या आजीबाई पुढे शेवटपर्यंत स्वतःच्या दोन पायांवर चालल्या.

एवढं होऊनही अमेरिकेतल्या बऱ्याच सर्जन लोकांनी डॉटर यांना वेड्यात काढलं. युरोपातल्या काही डॉक्टरांनी मात्र ही पद्धत उचलली. तरुण ग्रुंत्सिग यांनी जर्मनीत असताना तिच्याबद्दल ऐकलं आणि ती त्यांच्या डोक्यात बसली. असंही सांगतात की एका पेशंटने त्यांना विचारलं होतं, तुंबलेला पाइप प्लंबर साफ करतो तशा आमच्या नसा का साफ करता येत नाहीत?

प्रश्न साधा होता, पण डॉटर यांच्या पद्धतीत एक अडचण होती. वाट जितकी मोठी करायची, तितकी जाड नळी आत घालावी लागायची आणि तितकंच मोठं छिद्र पाडावं लागायचं. शिवाय नळी पुढे ढकलताना आतला थर सुटून पुढे वाहत जायचा धोका होता. पायात हे एकवेळ चालून गेलं असतं, पण हृदयात नाही.

ग्रुंत्सिग यांचा विचार असा होता, की आत जाताना नळी बारीक असावी आणि नेमक्या जागी पोचल्यावर तेवढाच भाग फुगावा. काम झालं की पुन्हा बारीक होऊन बाहेर यावी.

किचनमध्ये सुरू झालेलं संशोधन

१९६९ मध्ये ते स्वित्झर्लंडला, झुरिकच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये आले. दिवसा पेशंट बघायचे आणि रात्री घरच्या किचनच्या टेबलावर फुगे बनवायचे. बायको मिखाएला, त्यांच्या असिस्टंट मारिया श्लुम्फ आणि मारियांचे पती असे सगळे मिळून नळ्या कापायचे, चिकटवायचे, तापवायचे. फुगे फुटायचे, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता फुगा बनवण्यात एवढं अवघड काय, असं वाटेल. तर साध्या रबरी फुग्याची गंमत अशी असते, की जिथे विरोध कमी तिथे तो जास्त फुगतो. म्हणजे अडथळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे तो टम्म होणार आणि ज्या कडक जागेवर जोर हवा तिथेच चेपलेला राहणार. वर चांगली रक्तवाहिनी फाटायची भीती वेगळीच.

गरज होती ठरावीक आकारापर्यंतच फुगणाऱ्या आणि तिथे घट्ट राहून दाब देणाऱ्या फुग्याची. झुरिकमधल्या एका निवृत्त केमिस्ट्रीच्या प्रोफेसरांनी पीव्हीसी हे प्लास्टिक सुचवलं. हो, आपल्या घरातल्या पाइपांच्या कुळातलंच. तिथे गाडी रुळावर आली.

फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यांनी पहिल्यांदा एका पेशंटच्या पायाची रक्तवाहिनी फुग्याने उघडली. पुढे त्यांनी एकाच कॅथेटरमध्ये दोन वाटा केल्या, एक फुगा फुगवायला आणि दुसरी आतला रक्तदाब मोजायला आणि औषध सोडायला. मग हाच फुगा हृदयाच्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद रक्तवाहिनीत बसेल इतका बारीक केला. आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले. १९७६ साली ते निष्कर्ष घेऊन ते अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या अधिवेशनात गेले, तेव्हा बहुतेकांनी अविश्वासानेच बघितलं.

पण अमेरिकेतले काही डॉक्टर मात्र थांबले. त्यांच्यातले रिचर्ड मायलर यांच्याबरोबर १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, बायपास चालू असताना, छाती उघडी असलेल्या पेशंटमध्ये फुगा वापरून बघितला. धोका कमी करत एकेक पायरी चढायची, ही त्यांची पद्धत होती.

१६ सप्टेंबर १९७७

झुरिकमध्ये ३८ वर्षांचा एक इन्शुरन्स एजंट छातीत दुखतंय म्हणून आला. हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य रक्तवाहिनीत, अगदी सुरुवातीलाच, छोटासा पण गंभीर अडथळा होता. बायपास ठरलेली होती. ग्रुंत्सिग यांनी त्याला नवा पर्याय सांगितला आणि हेही सांगितलं, की त्याच्याआधी हे जाग्या माणसावर कुणावरच केलेलं नाही. तो तयार झाला. गंमत म्हणजे डॉक्टरांचं वयही तेव्हा ३८ च होतं.

जांघेत जागेपुरती भूल दिली, तिथून नळी हृदयापर्यंत नेली. काही बिघडलंच तर लगेच छाती उघडता यावी म्हणून सर्जन आणि भूलतज्ज्ञ सज्ज होते. हृदयशस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख ओके सेनिंग हे स्वतः बायपास करणारे सर्जन. या तंत्राने त्यांचेच पेशंट कमी होणार होते, तरी ते ग्रुंत्सिग यांच्या पाठीशी उभे राहिले.

फुगा दोनदा फुगवला. अडथळ्याच्या पलीकडचा रक्तदाब वाढला. पेशंट पूर्ण जागा होता. बायपासची गरजच पडली नाही.

बरोबर दहा वर्षांनी त्याच माणसाची पुन्हा तपासणी झाली आणि ती रक्तवाहिनी उघडीच होती. पण ते बघायला ग्रुंत्सिग जिवंत नव्हते.

खरा मोठेपणा इथे आहे

नवं तंत्र यशस्वी झालं की माणूस काय करतो? जाहिरात. ग्रुंत्सिग यांनी काय केलं, ते बघा.

१९७९ मध्ये त्यांनी पहिल्या ५० पेशंटचा हिशेब न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. त्यात ३२ जणांमध्ये यश आलं होतं. म्हणजे १८ जणांमध्ये जमलं नाही, तेही त्यात होतं. पाच जणांची प्रकृती बिघडून तातडीने बायपास करावी लागली, तेही होतं. बायपाससाठी येणाऱ्या पेशंटपैकी जेमतेम १० ते १५ टक्के लोकांनाच हा उपाय लागू पडेल, असा अंदाजही त्यांनीच दिला. आणि ऑपरेशन आणि औषधं यांच्याशी याची नीट तुलना करणारी चाचणी झाली पाहिजे, अशी मागणीही त्यांनीच केली.

१९७८ पासून झुरिकमध्ये त्यांनी इतर डॉक्टरांसाठी शिबिरं घेतली. पेशंटवर उपचार चालू असताना ते टीव्हीच्या पडद्यावर थेट दाखवायचे. त्यात चुकलं तरी सगळ्यांसमोरच चुकणार होतं.

झुरिकमध्ये जागा आणि सोयी अपुऱ्या पडायला लागल्या, तेव्हा १९८० मध्ये ते अमेरिकेत अटलांटाच्या एमोरी युनिव्हर्सिटीत गेले. तिथे पैसा आला, प्रसिद्धी आली, वेगवान गाड्या आल्या, स्वतःचं विमानही आलं.

पेशंटच्या बाबतीत एकेक पायरी चढणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र तेवढा सावध नव्हता. २७ ऑक्टोबर १९८५ ला खराब हवामानात ते स्वतः विमान चालवत अटलांटाकडे निघाले. जॉर्जिया राज्यातच विमान कोसळलं. ग्रुंत्सिग आणि त्यांची दुसरी पत्नी मार्गारेट ॲन, दोघंही गेले. त्यांचं वय होतं ४६. ज्यांच्या कल्पनेवरून हे सगळं सुरू झालं ते चार्ल्स डॉटर त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते.

फुग्यानंतर काय झालं?

नुसत्या फुग्याच्या दोन अडचणी होत्या. कधी उघडलेली रक्तवाहिनी लगेच मिटायची आणि साधारण तीनातल्या एका पेशंटमध्ये ती काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा धातूची जाळी बसवली. तोच आपला स्टेंट. त्याच वर्षी, अटलांटात ग्रुंत्सिग यांच्याकडे शिकून आलेले डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कळरिकल यांनी भारतात अँजिओप्लास्टीची सुरुवात केली.

पुढे या वाटेवरून बरंच काही गेलं. २००२ साली फ्रान्समध्ये अलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता हृदयाची झडप बसवली. आज लकव्याच्या काही पेशंटमध्ये जांघेतून नळी नेऊन मेंदूतली गुठळी काढतात.

ग्रुंत्सिग यांनी मागितलेली तुलनाही झाली. त्यांच्याच एमोरीत अँजिओप्लास्टी आणि बायपासची चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा तीन वर्षांनंतर मृत्यूच्या बाबतीत दोन्हींत मोठा फरक दिसला नाही, पण फुगा मारलेल्यांना पुन्हा उपचार जास्त वेळा लागले. २००७ मध्ये करेज नावाच्या मोठ्या चाचणीने दाखवलं, की दुखणं स्थिर असलेल्या पेशंटमध्ये चांगल्या औषधांना अँजिओप्लास्टीची जोड दिल्याने मृत्यू किंवा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत.

याचा अर्थ अँजिओप्लास्टी खोटी, असा अजिबात नाही. मोठा हार्ट अटॅक आला असेल, रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असेल, तर वेळेत केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते. अशा वेळी छातीत कळ येऊनही ॲसिडिटी समजून घरी बसणं महागात पडतं. लगेच हॉस्पिटल गाठायचं.

पण अटॅक नाही, दुखणं स्थिर आहे, घाई नाही, अशा वेळी डॉक्टरांना शांतपणे विचारायला हरकत नाही. माझ्या केसमध्ये याने आयुष्य वाढणार आहे की फक्त त्रास कमी होणार आहे? औषधांनी भागेल का? बायपास जास्त बरी पडेल का? छिद्र छोटं असलं तरी उपचार छोटा नसतो. आणि हे प्रश्न विचारले म्हणून कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येऊ नये, कारण ते सगळ्यात आधी विचारले होते, हा फुगा ज्याने बनवला त्यानेच.