संत गाडगेबाबा : हातात झाडू आणि तोंडात प्रश्न



23 फेब्रुवारी जवळ आली की शाळेत गाडगेबाबांवर भाषणं, निबंध सुरू होतात. आमच्या वाकोल्यातली मुलंही चित्र काढतात. चित्रात दाढी, फाटके कपडे आणि झाडू. झाडू तर हवाच, पण तेवढ्यावर बाबा संपत नाहीत. म्हणून आज जरा सविस्तर सांगते. पालकांनीही वाचा, कारण बाबांचा अर्धा रोख मोठ्या माणसांवरच असायचा.

बाबांचं खरं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईचं नाव सखुबाई. वडील दारूच्या नादाने गेले तेव्हा डेबू अजून लहान होता. मायलेकरं मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आजोळी आली आणि डेबू मामाच्या घरी गुरं राखायला लागला. शाळेचं तोंड त्याला दिसलं नाही. पण नांगर धरावा तर डेबूनेच, असं पुढे गावात त्याचं नाव झालं.

आता पुढचं नीट वाचा, कारण बाबांच्या पुढच्या सगळ्या बोलण्याचं मूळ मला इथे दिसतं. मामाने सावकाराकडून कर्ज घेतलं होतं. अंगठा कुठे उठवला, कागदावर काय लिहिलं होतं, हे वाचणारं घरात कोणी नव्हतं. कर्ज वाढत गेलं, जमीन सावकाराच्या घशात गेली आणि मामा त्या धसक्याने गेला. सावकार शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा तरणा डेबूजी शेतात पाय रोवून उभा राहिला. वडील दारूने गेले, मामा कर्जाने आणि अडाणीपणाने गेला. हे दोन घाव ज्याने घरातच सोसले, तो माणूस पुढे पन्नास वर्षं गावोगाव दारू सोडा, कर्ज काढू नका, पोरांना शिकवा, हेच सांगत फिरला. पुस्तक वाचून सुचलेला उपदेश नव्हता तो.

लग्न झालं, कुंताबाई घरी आल्या, मुलगी झाली. बारशाला भाऊबंदांना दारू आणि मटणाचं जेवण घालायची रीत होती. डेबूजींनी पानात गोड वाढलं. लोक फुगून बसले, पण त्यांनी ऐकलं नाही. आजही आपल्याकडे बारसं, हळद, लग्न म्हटलं की लोक काय म्हणतील म्हणून आधी उसने पैसे आणि मग वर्षभर हप्ते. वर्गात कोणाची वही नसली की मी कारण विचारते, आणि कधी कधी ते कारण घरातल्या एखाद्या थाटाच्या कार्याशी जाऊन पोहोचतं. असो.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर मातीचं गाडगं आणि हातात झाडू. त्याच गाडग्यात मागून आणलेली भाकर खायची, त्यातच पाणी प्यायचं. म्हणून लोक गाडगेबाबा म्हणू लागले.

घर सोडलं म्हणून ते डोंगरात जाऊन बसले नाहीत. गावात शिरले की कोणाला न विचारता रस्ता झाडायला लागायचे. गटार, पाणवठा, देवळासमोरचा उकिरडा, सगळं साफ. लोकांना वाटायचं, आला कोणी वेडा नाहीतर भिकारी. कोणी हुसकायचं, कोणी भाकरीच्या बदल्यात काम सांगायचं. आणि रात्री कीर्तनाला जमलेल्या गर्दीसमोर बघावं तर तोच मनुष्य उभा! त्या वेळी हुसकणाऱ्याचं तोंड कसं झालं असेल, कल्पना करा. पाया पडायला मात्र बाबा कोणालाच देत नसत. वाकला कोणी तर काठी उगारायचे.

आपल्या वाकोला नाल्यात पिशव्या भिरकावून मग पावसात घरात पाणी शिरलं म्हणून ओरडणाऱ्यांना बाबांनी काय सुनावलं असतं, ते मी वर्गात मुलांनाच विचारते. मुलं फार भारी उत्तरं देतात!

त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. वऱ्हाडी बोलीत विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचे. देवाला अंघोळ कोण घालतं? आम्ही. धोतर कोण नेसवतं? आम्ही. निवद कुत्र्याने खाल्ला तर कुत्र्याला कोण हाकलतं? आम्हीच. मग तो तुम्हाला सांभाळतो की तुम्ही त्याला, असं विचारलं की सभेत हशा पिकायचा. सत्यनारायणाने समुद्रात बुडालेली नाव वर येते ना, मग लढाईत बुडालेल्या आगबोटी का काढत नाही, हाही त्यांचाच सवाल. नवसाला बकरं कापणाऱ्यांनाही ते असंच कोंडीत पकडायचे. हसता हसता माणूस गप्प व्हायचा.

काही जण यावरून बाबांना नास्तिक ठरवतात. मला ते पटत नाही. कीर्तनात ते लोकांकडून देवाचं नाव घोळवून घेत, आषाढीला पंढरपूरला जात. फक्त देवळात दर्शनाच्या रांगेत उभं राहण्याऐवजी वारकऱ्यांनी केलेली घाण उचलत बसायचे. त्यांचा देव माणसातच होता.

लोकांनी दिलेल्या पैशाला त्यांनी स्वतःसाठी हात लावला नाही. त्यातून ऋणमोचनला घाट झाला. पंढरपुरात 1917 मध्ये चोखामेळा धर्मशाळा झाली. ज्यांना त्या काळी मुक्कामाला कोणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्यासाठी ती होती. पुढे ही धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. देहू, आळंदी, नाशिकलाही धर्मशाळा झाल्या. 1954 मध्ये आपल्या मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. गावाहून पेशंट घेऊन आलेल्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा नसते, हे त्यांनी ओळखलं होतं. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे आजही टाटा रुग्णालयात उपचाराला आलेले कॅन्सरचे रुग्ण उतरतात.

शिक्षणाबद्दल तर ते हट्टीच होते. जेवणाचं ताट विकावं लागलं तर विका, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला हलक्या भावाचं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घाला, असं ते सांगत. लुगड्याचं ऐकून आमच्या पालकसभेत आया हसतात आणि म्हणतात, नवऱ्याचा मोबाइल पण हलका घ्या म्हणावं!

1923 मध्ये त्यांचा एकुलता मुलगा गोविंद वारला. बातमी आली तेव्हा बाबा कीर्तनात उभे होते. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. मुलांना हे सांगताना मला नेहमी जड जातं. कोणी याला वैराग्य म्हणतं. घरी कुंताबाईंनी तो दिवस कसा काढला असेल, हेही मनात येतं.

बाबांचं शेवटचं कीर्तन 8 नोव्हेंबर 1956 रोजी झालं, आणि तेही आपल्या शेजारी, वांद्रे पोलीस ठाण्यात. वाकोल्याहून रिक्षाने जाता येईल इतकं जवळ. त्याचं ध्वनिमुद्रण आहे. मुलांना जरूर ऐकवा. आवाज थकलेला आहे, पण प्रश्न तसेच टोकदार आहेत.

पुढच्याच महिन्यात, 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, 20 डिसेंबर 1956 रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी गाडीतच प्राण सोडला. इतक्या धर्मशाळा, शाळा उभ्या केल्या, पण त्यांतली एकही खोली त्यांनी आपल्या नातेवाइकांच्या नावावर केली नव्हती.