वकिली राहिली बाजूला!

सेकंड इयरला माझा एम-थ्री राहिला आणि त्याच संध्याकाळी माझं व्हायोलिन माळ्यावर गेलं. आईनं आरडाओरडा केला नाही. पेटी जुन्या चादरीत गुंडाळली, स्टुलावर चढली आणि पाण्याच्या रिकाम्या पिंपामागे सरकवून दिली. विषय सुटेपर्यंत खाली काढायचं नाही, एवढंच म्हणाली. सहावीपासून मांडीवर घेऊन वाजवलेलं वाद्य असं धुळीत गेलेलं बघून मी त्या रात्री जेवलो नाही. (दुसऱ्या दिवशी सकाळी दुप्पट जेवलो, ते सोडा.)

हॉस्टेलवर परतलो तो तोंड पाडूनच. रूम पार्टनरच्या हार्डडिस्कवर सिनेमा शोधताना एका फोल्डरमध्ये व्हायोला कॉन्चेर्तो असं नाव दिसलं. मला वाटलं, व्हायोलिन लिहिताना कुणाची तरी चूक झाली. ऐकल्यावर कळलं की व्हायोला हा व्हायोलिनचा थोरला भाऊ आहे. जरा अंगानं मोठा, आवाजानं खालचा, आणि कॉलेजमधल्या शेवटच्या बाकासारखा कुणाच्या फारसा लक्षात न येणारा. रचना होती गेओर्ग फिलिप टेलेमान या जर्मन माणसाची. त्याच्याबद्दल वाचत गेलो आणि पहिल्याच पानावर थबकलो. मित्रांनो, याच्याही आईनं याची वाद्यं काढून घेतली होती!

टेलेमानचा जन्म १४ मार्च १६८१ चा, माग्डेबुर्ग गावचा. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. पोरगा चार वर्षांचाही नव्हता तेव्हा ते वारले आणि घर एकट्या आईवर आलं. घराण्यात सगळी शिकलेली माणसं, बरीचशी चर्चच्या सेवेतली. गाण्याबजावण्यावर पोट भरणारा त्यांच्यात बसणारा नव्हता. पण पोराला शिकवावं लागतच नव्हतं. पेटीसारख्या वाद्याची शिकवणी लावली ती दोन आठवड्यांत सुटली, आणि बासरी, व्हायोलिन असली वाद्यं तो आपला आपणच शिकला. बाराव्या वर्षी त्यानं चक्क एक ऑपेरा लिहिला. आपल्याकडे बाराव्या वर्षी पोरं स्कॉलरशिपची गाईड सोडवत असतात.

इथेच सगळं बिनसलं. आईला लोकांनी येऊन सांगितलं की हा पोरगा हातचा जाणार, डोंबारी-मदारी होणार. वाद्यं जप्त झाली, संगीत बंद झालं. पोरगा मग रात्री चोरून स्वर लिहायचा आणि उसनी वाद्यं घेऊन कुणी नसेल अशा जागी जाऊन वाजवायचा. शेवटी आईनं त्याला दूर हार्त्झच्या डोंगरात झेलरफेल्ड नावाच्या खाणींच्या गावी शिकायला धाडला. तिथे कालफोर नावाचे एक विद्वान धर्माधिकारी होते. त्यांच्या देखरेखीखाली राहिला की संगीताचं भूत उतरेल, असा हिशोब.

हिशोब साफ चुकला. एकदा गावचा उत्सव आला आणि ज्यानं संगीत करायचं तोच आजारी पडला. तेरा-एक वर्षांच्या या पोरानं रचना केली आणि ती वाजवून घ्यायलाही तोच उभा राहिला. उंची इतकी कमी की त्याला बाकावर उभं करावं लागलं. कार्यक्रम संपल्यावर खाणकामगारांनी त्याला उचलून घेऊन मुक्कामी पोचवलं. गंमत म्हणजे कालफोर महाशयांना गणित आणि संगीत यांच्या नात्याचा अभ्यास होता. ते चिडले तर नाहीतच, उलट त्यांनी पोराला प्रोत्साहन दिलं. आम्हाला असे गणिताचे सर मिळाले असते तर एम-थ्री राहिलाच नसता!

पुढे हिल्डेसहाइमच्या शाळेत तो चांगला शिकला. आणि १७०१ साली, विसाव्या वर्षी, आईच्या इच्छेप्रमाणे लाइप्झिग विद्यापीठात कायदा शिकायला निघाला. या वेळी त्यानं मनापासून ठरवलं होतं की संगीत बंद. वाद्यं आणि स्वरांचे कागद घरी ठेवून निघाला. वाटेत हाले गावी एका सोळा वर्षांच्या मुलाची ओळख झाली. त्या मुलाचं नाव हँडेल. म्हणजे निश्चय पहिल्याच थांब्यावर डळमळला असणार.

लाइप्झिगमध्ये रूम पार्टनर मिळाला. (जगातल्या सगळ्या भानगडी रूम पार्टनरमुळेच होतात, हे माझं मत इथे पक्कं झालं.) त्यानं याच्या सामानात उचकपाचक केली, तर सहाव्या स्तोत्राला चाल लावलेला एक कागद निघाला. घरी ठेवलेल्या ढिगातला एक चुकून बरोबर आलेला. ती रचना गावच्या थोरल्या टोमास चर्चमध्ये वाजवली गेली. नगराध्यक्षांनी ती ऐकली आणि दर पंधरा दिवसांनी एक नवी रचना द्यायचं काम याला दिलं, पगारासकट.

आणि मग टेलेमाननं जे केलं ते वाचून मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आईनं खर्चासाठी पैसे पाठवले होते. ते त्यानं परत पाठवले. बरोबर कळवलं की मला काम मिळालंय, पोट भरतंय, आता संगीताबद्दलचं मत बदलावं. आईनं आशीर्वाद पाठवला. भांडण नाही, घर सोडून पळून जाणं नाही. आधी स्वतःच्या पायावर उभा राहिला, मग बोलला. मी मात्र आईशी दोन आठवडे फोनवर नीट बोललो नव्हतो, आणि मेसचे पैसे तिच्याकडूनच घेत होतो.

आता खरी गंमत. १७०२ मध्ये या कायद्याच्या विद्यार्थ्यानं विद्यापीठातल्या पोरांना गोळा करून एक वाद्यवृंद उभा केला. नाव कोलेगियुम मुझिकुम. तसे विद्यार्थ्यांचे लहान गट आधीही होते, पण याच्या वृंदात चाळीसपर्यंत वादक जमायचे. कुणी कायद्याचा, कुणी धर्मशास्त्राचा, आणि संध्याकाळी सगळे सुरांचे. विद्यापीठाचा हा अधिकृत विभाग वगैरे नव्हता. पोरांनी पोरांसाठी चालवलेलं काम, आपल्या गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्रासारखं. फरक इतकाच की आपला ऑर्केस्ट्रा फेब्रुवारीत जन्मतो आणि फेब्रुवारीतच मरतो. तो मात्र टेलेमान गाव सोडून गेल्यावरही अनेक वर्षं टिकला.

त्याच वर्षी तो लाइप्झिगच्या ऑपेराचाही प्रमुख झाला आणि तिथेही त्यानं विद्यार्थीच गायला-वाजवायला घेतले. त्यामुळे टोमास चर्चचे ज्येष्ठ संगीतप्रमुख कुहनाउ भडकले. चांगली पोरं सगळी तिकडे पळाली तर चर्चमध्ये गायचं कुणी, अशी त्यांची तक्रार. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा.

थोडं तांत्रिक सांगतो. कॉन्चेर्तो म्हणजे एक वादक एकीकडे आणि सगळा वृंद दुसरीकडे. वृंद विषय मांडतो, मग एकटा वादक पुढे सरसावतो, वृंद मागे हटून आधार देतो, पुन्हा सगळे मिळून येतात. आपल्याकडे एकल वादनात तबला साथीला असतो. इथे साथीला पंधरा-वीस माणसं आणि सगळ्यांचे स्वर आधी लिहिलेले. एकानं मात्रा खाल्ली तर सगळ्यांना कळतं. विशी-बाविशीच्या पोरानं अशा वृंदापुढे एकट्यानं उभं राहायचं म्हणजे व्हायवाला एक्स्टर्नलच्या समोर बसण्याइतकंच पोटात गोळा आणणारं.

असाच एक पोरगा १७०९ मध्ये लाइप्झिगला आला. नाव पिसेंडेल, वय एकवीस. टेलेमान तोवर गाव सोडून गेला होता, पण त्याचा वृंद जोरात चालू होता. हा परगावचा पोरगा साध्या कपड्यांत व्हायोलिन घेऊन पुढे आला तेव्हा एका चेलोवादकानं त्याचं ध्यान बघून कुजकट शेरा मारला, असं सांगतात. वादन सुरू झालं तसा तो चेलोवादक वाजवायचं विसरून बघतच राहिला. संथ भाग आला तेव्हा त्यानं डोक्यावरचा केसांचा टोप काढून जमिनीवर फेकला, आणि संपल्यावर धावत जाऊन त्या पोराला मिठी मारली. हाच पिसेंडेल पुढे ड्रेस्डेनच्या दरबारी वृंदाचा प्रमुख व्हायोलिनवादक झाला, टेलेमानचा मित्र झाला, आणि टेलेमाननं १७१९ मध्ये खास त्याच्यासाठी कॉन्चेर्तो लिहिला.

हा किस्सा वाचताना माझे कान गरम झाले. मागच्या गॅदरिंगच्या निवडीला फर्स्ट इयरचा एक पोरगा आला होता. मोठ्या भावाचा वाटावा असा ढगळ शर्ट, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बासरी. शेजारच्याच्या कानात मी जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. त्यानं यमन धरला आणि तिसऱ्या मिनिटाला सगळ्या हॉलमधले मोबाईल खिशात गेले. मी टोप फेकला नाही, मिठीही मारली नाही. यादीत त्याचं नाव लिहिलं आणि मान खाली घालून निघून गेलो. त्याला अजून काही बोललेलो नाही. तो हा अंक वाचत असेल तर त्यानं हे माझं बोलणं समजावं.

टेलेमानच्या पुढच्या आयुष्यात नोकऱ्या खूप. १७०५ मध्ये तो झोराउच्या सरदाराकडे गेला. तिथे आणि आसपास पोलंडचं लोकसंगीत ऐकून तो वेडा झाला, आणि ते त्यानं आपल्या रचनांत आणलं. मग आइझेनाखचा दरबार. त्याच काळात लग्न झालं आणि सव्वा वर्षात, जानेवारी १७११ मध्ये, बाळंतपणानंतर बायको वारली. १७१२ मध्ये तो फ्रँकफुर्टला गेला आणि तिथेही कोलेगियुम मुझिकुम चालवून जाहीर मैफली लावल्या. १७२१ पासून हाम्बुर्गला, पाच मोठ्या चर्चांच्या संगीताची जबाबदारी घेऊन, शेवटपर्यंत.

दुसरं लग्नही सुखाचं झालं नाही. बायकोनं जुगारात इतकं कर्ज केलं की त्याची वर्षाची कमाई पुरेना, आणि शेवटी ती सोडून गेली. तेव्हा हाम्बुर्गच्या लोकांनी वर्गणी काढून त्याला सावरलं. या धबडग्यातही त्याचं काम थांबलं नाही. स्वतःच्या रचना तो स्वतः धातूच्या पत्र्यांवर कोरून छापायचा (मेकॅनिकलवाल्यांनी नोंद घ्यावी!), आगाऊ वर्गणीदार गोळा करायचा. त्याच्या एका संग्रहाच्या वर्गणीदारांत लंडनहून हँडेलचंही नाव होतं. एकूण रचना तीन हजारांवर गेल्या.

१७२२ मध्ये कुहनाउ वारले आणि लाइप्झिगनं आपल्या जुन्या विद्यार्थ्याला त्या जागेवर बोलावलं. हाम्बुर्गनं पगार वाढवला, टेलेमान राहिला. ग्राउप्नर नावाच्या दुसऱ्या पसंतीच्या माणसाला त्याच्या मालकानं सोडलं नाही. मग १७२३ मध्ये जागा मिळाली तिसऱ्याला. तो तिसरा म्हणजे योहान सेबास्टियन बाख! कॅम्पसमध्ये पहिल्या यादीत नाव नाही म्हणून रडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि १७२९ मध्ये टेलेमाननं सुरू केलेला तो विद्यार्थ्यांचा वृंद बाखच्या हातात आला. हिवाळ्यात दर शुक्रवारी रात्री आठ ते दहा, झिमरमानच्या कॉफीहाऊसमध्ये मैफल. एक, दोन, तीन, अगदी चार हार्पसिकॉर्डसाठी बाखनं रचलेले कॉन्चेर्तो तिथे वाजले, आणि पुढे बसणाऱ्यांत त्याची मोठी मुलं आणि शिष्य असत, असं मानलं जातं. थोरला फ्रीडेमान आणि धाकटा कार्ल फिलिप इमान्युएल, दोघांनीही विद्यापीठात कायद्याला नाव घातलं होतं. धाकट्याच्या नावातला फिलिप टेलेमानवरूनच आलेला, कारण टेलेमान त्याचा धर्मपिता.

म्हातारपणी टेलेमानला बागेचा नाद लागला. १७५४ मध्ये तो गेल्याची खोटी बातमी हँडेलला कळली. मग जिवंत असल्याचं समजल्यावर आनंदानं हँडेलनं त्याला दुर्मिळ झाडांची पेटी पाठवली. पन्नास वर्षांपूर्वी वाटेत भेटलेला मित्र! २५ जून १७६७ ला, ८६ व्या वर्षी टेलेमान वारला, आणि त्याच्या जागेवर आला तोच धर्मपुत्र, कार्ल फिलिप इमान्युएल.

नंतरच्या शतकात लोकांनी टेलेमानला भरमसाट लिहिणारा म्हणून हिणवलं. बाख थोर, हा किरकोळ, असं ठरलं. पण बाखच्या नावावर मिरवलेली एक रचना नीट तपासल्यावर टेलेमानची निघाली! आज जगभर व्हायोला शिकणारी पोरं जेव्हा पहिल्यांदा वृंदापुढे एकटी उभी राहतात, तेव्हा त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या हातात टेलेमानचाच तो कॉन्चेर्तो असतो. तोच, जो मला हार्डडिस्कवर सापडला.

मी इंजिनिअरिंग सोडणार नाही. मी टेलेमान नाही, हे मला चांगलं कळतं, आणि मला मशीन डिझाईन आवडायलाही लागलंय. पण त्याच्याकडून एक शिकलो. आईचं भय खोटं नव्हतं, तिला एकटीनं घर ओढायचं होतं. त्या भयाला उत्तर रुसून देता येत नाही. एम-थ्री या वेळी सुटला, छप्पन्न मार्क. एका डिप्लोमाच्या मुलाची शिकवणी घेतो, त्यातून या महिन्याचे मेसचे पैसे मी आईला पाठवू नकोस म्हणून सांगितले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली की व्हायोलिनची चादर उंदरानं कुरतडली होती, म्हणून पेटी खाली काढून पुसून कपाटात ठेवलीय.

दिवाळीला घरी जाताना हा अंक बरोबर नेणार आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी