खेडुतांचे कैवारी राइफायझेन

जर्मनी देशांत ऱ्हाईन नदीच्या पूर्वेस वेस्टरवाल्ड नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील जमीन हलकी व हिवाळा कडक. त्या मुलखांतील हाम गांवीं ता. ३० मार्च १८१८ रोजीं फ्रीडरिख विल्हेल्म राइफायझेन यांचा जन्म झाला. त्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांस थोडक्यांत सांगतों.

घरीं नऊ भावंडें होतीं. त्यांना पुढचें शिक्षण गांवच्या पाळकांनीं दिलें. ते सैन्यांत गेले. परंतु डोळे अधू झाल्यामुळें १८४३ सालीं ती नोकरी सुटली. १८४५ सालीं वायरबुश व आसपासच्या खेड्यांचा कारभार त्यांजकडे आला. पुढच्याच वर्षीं पीक बुडालें. सरकारनें धान्य पाठविलें, पण तें रोख पैसे घेऊनच द्यावें असा हुकूम होता. ज्यांच्या घरीं दमडी नाहीं त्यांनीं काय करावें? राइफायझेन यांनीं तें उधार दिलें. मग सुखवस्तु शेजाऱ्यांकडून पैसा जमवून गांवाची भट्टी बांधविली व स्वस्त पाव विकला.

१८४८ सालीं त्यांची फ्लामर्सफेल्ड येथें बदली झाली. तेथें सावकाराच्या व्याजापायीं शेतकऱ्यांच्या गोठ्यांतील गाय जाई व मागोमाग शेतहि जाई. १८४९ सालीं साठ सुखवस्तु गृहस्थ एकमेकांस जामीन राहिले. त्यांच्या मंडळीनें गुरें विकत घेऊन गरिबांस दिलीं व किंमत पांच वर्षांत हप्त्यांनीं फेडून घेतली.

१८५२ पासून ते हेडेसडॉर्फ येथें होते. तेथेंहि त्यांनीं धर्मादाय मंडळी काढिली. परंतु कांहीं वर्षांत श्रीमंतांचा उत्साह मावळला. तेव्हां १८६४ सालीं त्यांनीं नवी पतपेढी स्थापिली. तींत कर्ज घेणारा स्वतःच सभासद असे. सर्वांच्या कर्जास सर्व जबाबदार. पेढी लहान टापूची, म्हणजे शेजारी शेजाऱ्यास ओळखी. चालक वेतन घेत नसत, व नफा राखीव निधींत जाई.

१८६५ सालीं दृष्टि फार मंदावल्यानें त्यांनीं नोकरी सोडिली. तरी आपली कन्या आमालिए हिच्या हातून लिहवून घेऊन त्यांनीं काम चालविलें. १८६६ सालीं पतपेढ्यांवरील त्यांचा ग्रंथ निघाला. शेजाऱ्यावर प्रीति करणें हें ख्रिस्ती मनुष्याचें कर्तव्य होय, या श्रद्धेनें ते अखेरपर्यंत झटले. ता. ११ मार्च १८८८ रोजीं ते निवर्तले. हिंदुस्थानांत १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, तेव्हां खेड्यांतील पेढ्यांस त्यांचाच कित्ता घालून दिला होता.

वाचकहो, दान करणें चांगलेंच. तें उपाशी मनुष्यास एक हिवाळा तारतें. परंतु शेजारी जामीन राहिला व घेणाऱ्यानें वेळेवर फेड केली, म्हणजे गरिबाचीहि पत उभी राहते. ती आपण आपल्या गांवीं राखावी, असें आम्हांस वाटतें.