गळ्यावरचा पिवळा डाग

पक्षिशास्त्रज्ञ मरहूम डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) लहानपणीच पोरके झाले. मुंबईत खेतवाडीला मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. मामा शिकारी होते. चिमण्या मारून खाण्यात घरात कोणाला गैर वाटत नसे. एकदा छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही हलाल आहे का, ही शंका घेऊन सालिम मामांकडे गेले. मामांनाही पक्षी ओळखता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठविले. तेथूनच आयुष्याला दिशा लाभली. पुढेही अभ्यासासाठी त्यांनी पक्षी टिपले, तरी भरतपूरचे संस्थानी शिकारीचे पाणथळ पक्ष्यांसाठी राखावे म्हणून ते झटले. अनेकांना हे विसंगत वाटते. पालकहो, मुलांच्या शंकेचे उत्तर येत नसेल, तर त्यांना जाणकाराकडे पाठवा.