जेल भोगलेल्या बॅ. नाथ पैंनी मूलभूत हक्क बदलण्याचा अधिकार संसदेला का मागितला?

२६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला. उद्घाटन होऊन पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. त्यानंतर मालवणात मोर्चे निघाले, नेते येऊन गेले, किल्ल्यावरच दोन पक्षांचे कार्यकर्ते एकमेकांना भिडले. सिंधुदुर्गातला माणूस नेत्यांवर वैतागलेला असणं तसं नवीन नाही. वर्षानुवर्षं रखडलेल्या मुंबई-गोवा महामार्गाचं नुसतं नाव काढलं तरी तो सुरू होतो.

आणि असा वैताग आला की कोकणात दोन जुनी नावं हमखास निघतात. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधू दंडवते. पूर्वी कसे खासदार होते बघा, असं म्हणण्यासाठी.

मालवणात नाथ पैंच्या नावाचं सेवांगण आहे, कुडाळात त्यांच्या नावाची शिक्षण संस्था आहे. पण या आदरात त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा वाद मात्र बाजूला पडलाय. इंग्रजांच्या तुरुंगात राहिलेला, आयुष्यभर सरकारच्या विरोधी बाकावर बसलेला हा माणूस. त्याने एका शुक्रवारी लोकसभेत विधेयक मांडलं, की नागरिकांच्या मूलभूत हक्कांमध्येसुद्धा बदल करण्याचा अधिकार संसदेला असला पाहिजे.

त्यांना असं का वाटलं आणि पुढे त्याचं काय झालं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात वेंगुर्ल्यापासून करावी लागते.

नाथ पैंचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्यातला. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो झाला १९८१ मध्ये. हा सगळा भाग म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचं दक्षिण टोक, शेजारी सावंतवाडी संस्थान आणि त्यापलीकडे पोर्तुगीजांचा गोवा. नाथ पैंचं शिक्षण मात्र घाटावर झालं, बेळगावात आणि पुण्यात. १९४२ ची चळवळ पेटली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. चळवळीत उतरले आणि तुरुंगात गेले.

स्वातंत्र्याच्या सुमारास ते कायदा शिकायला लंडनला गेले. लिंकन्स इन ही तिथली बॅरिस्टर घडवणारी जुनी संस्था. जीनांपासून अनेक बडे लोक तिथलेच. हे शिक्षण त्या काळात प्रामुख्याने श्रीमंतांच्या मुलांचं. बॅरिस्टर होऊन आलं की मुंबई हायकोर्टात प्रॅक्टिस, बंगला, गाडी असा ठरलेला रस्ता असायचा.

नाथ पै त्या रस्त्याने गेले नाहीत. युरोपात असतानाच ते समाजवादी तरुणांच्या चळवळीत ओढले गेले. पुढे तर ते समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या पत्नी क्रिस्टल याही ऑस्ट्रियाच्या.

इकडे महाराष्ट्रात १९५६ साली लोकांचा काँग्रेसच्या नेत्यांवरचा राग टोकाला गेला होता. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीने ठरवलेलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरहून अधिक माणसं गेली. बेळगावही महाराष्ट्राबाहेर राहिलं. १९५७ च्या निवडणुकीत त्या रागाने कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडवली. त्याच निवडणुकीत राजापूर मतदारसंघातून प्रजा समाजवादी पक्षाचे नाथ पै लोकसभेत पोहोचले. मालवण, वेंगुर्ला हा सगळा पट्टा याच मतदारसंघातला.

लाटेवर निवडून आलेले बरेच जण लाट ओसरली की दिसेनासे होतात. नाथ पै १९६२ मध्ये पुन्हा आले, १९६७ मध्ये पुन्हा आले. तोवर संयुक्त महाराष्ट्र होऊन गेला होता, म्हणजे तो मुद्दाही उरला नव्हता.

हा मतदारसंघ मनीऑर्डरवर जगणारा. घरटी एक तरी पुरुष मुंबईत, गिरणीत नाहीतर गोदीत. गावात म्हातारी माणसं, बायका आणि पोरं. थोडी भातशेती, किनाऱ्याला मासेमारी. जमीन कसणाऱ्याची कमी आणि खोताची जास्त, ही इथली जुनी रड. खोत म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारा आणि त्या जोरावर कुळांवर राज्य करणारा वतनदार. ही खोती कायद्याने बंद झाली ती स्वातंत्र्यानंतर.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. खोती रद्द करणारा कायदा कोर्टात अडकू नये म्हणून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तो थेट घटनेच्या नवव्या परिशिष्टात टाकला. त्या परिशिष्टातल्या पहिल्या तेरा कायद्यांत मुंबई राज्याचा कूळ कायदाही आहे आणि खोती निर्मूलन कायदाही. म्हणजे राजापूर मतदारसंघातल्या कुळाच्या पायाखालची जमीन संसदेने मूलभूत हक्कांच्या प्रकरणात केलेल्या दुरुस्तीवर उभी होती.

आता नाथ पै नागरी स्वातंत्र्याच्या बाजूचे नव्हते का? तर होते, आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं.

जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप झाला. रेल्वे, टपाल-तार, संरक्षण खात्याचे कारखाने, सगळे त्यात होते. महागाईच्या मानाने पगार पुरत नाही ही तक्रार. सरकारने वटहुकूम काढून संपच बेकायदा ठरवला, हजारोंना अटक केली, नंतर संघटनांची मान्यता काढून घेतली. या संपाच्या आघाडीच्या नेत्यांमध्ये नाथ पै होते.

दुसरं प्रकरण जास्त मोठं आणि आज जवळपास विसरलेलं. आणीबाणी म्हटलं की आपल्याला १९७५ आठवतं. पण देशातली पहिली आणीबाणी २६ ऑक्टोबर १९६२ ला लागली, चीनच्या आक्रमणामुळे. युद्ध महिन्याभरात थांबलं. आणीबाणी मात्र १० जानेवारी १९६८ पर्यंत चालू राहिली. पाच वर्षांहून जास्त! या काळात भारत संरक्षण नियमांखाली लोकांना खटल्याशिवाय डांबता येत होतं आणि डांबलंही गेलं. स्वातंत्र्याचा हक्क घटनेत छापलेला होता, पण त्यासाठी कोर्टात दाद मागण्याची सोय राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद होती.

म्हणजे घटनेचं एक अक्षरही न बदलता हक्क गुंडाळून ठेवता येतात, हे नाथ पैंची पिढी डोळ्यांनी बघत होती.

अशातच २७ फेब्रुवारी १९६७ ला सुप्रीम कोर्टाचा गोलकनाथ निकाल आला. पंजाबातल्या जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाकडे पाचशे एकरांहून जास्त जमीन होती. जमीन धारणेच्या कायद्याने त्यातली बरीचशी जाणार होती, म्हणून ते कोर्टात गेले. अकरा न्यायाधीशांपैकी सहा विरुद्ध पाच अशा काठावरच्या बहुमताने कोर्टाने सांगितलं की इथून पुढे संसदेला मूलभूत हक्क कमी करणारी कोणतीही घटनादुरुस्ती करता येणार नाही. आधीच्या दुरुस्त्या तेवढ्या राहू दिल्या.

त्या वेळी मालमत्तेचा हक्क हाही मूलभूत हक्क होता. भाषणस्वातंत्र्य आणि पाचशे एकर जमीन एकाच कुंपणात. त्यामुळे या निकालाने नागरिकाचं स्वातंत्र्य राखलं की जमीनदाराची जमीन, यावर देशात सरळ दोन तट पडले.

निकाल देणारे सरन्यायाधीश के. सुब्बाराव यांनी दीडेक महिन्यातच राजीनामा दिला आणि विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून झाकीर हुसेन यांच्याविरुद्ध राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. ते हरले. पण विरोधी पक्षांचा कल कुठे होता हे त्यावरून कळतं. आणि नाथ पै विरोधी पक्षातच होते.

तरीही ७ एप्रिल १९६७ ला त्यांनी आपलं खासगी विधेयक मांडलं. संसदेला घटनेतल्या कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करता येईल, असं कलम ३६८ मध्ये स्पष्ट लिहा, एवढीच त्याची मागणी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की घटना लोकांनी स्वतःला दिली आहे, ती बदलण्याचा अधिकार लोकांच्या प्रतिनिधींकडून काढून घेतला तर समाज बदलायचा रस्ताच बंद होईल. हक्क कमी करणं हा आपला हेतू नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

विरोध जोरदार झाला. स्वतंत्र पक्ष तर आडवा गेलाच, पण समाजवाद्यांमधल्या काहींनाही हे पचलं नाही. दोन तृतीयांश बहुमताचं सरकार आलं तर ते काय करेल, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न बिनतोड होता. फक्त १९६७ मध्ये तो दूरचा वाटत होता. नुकत्याच झालेल्या निवडणुकीत काँग्रेस ५२० पैकी २८३ जागांवर आली होती, अनेक राज्यं तिच्या हातून गेली होती. दोन तृतीयांश बहुमत एकट्या पक्षाला मिळेल अशी चिन्हं कुठेच नव्हती. नाथ पैंच्या हिशेबातली चूक शोधायची तर ती इथे सापडते. समोरची संसद बघून त्यांनी पुढच्या सगळ्या संसदांवर विश्वास टाकला.

विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, अहवाल आला, पुन्हा चर्चा झाली. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली आणि सगळंच रेंगाळलं. २७ डिसेंबर १९७० ला इंदिरा गांधींनी लोकसभा विसर्जित केली आणि विधेयक तिथेच संपलं.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी नाथ पैही गेले. १७ जानेवारी हा सीमाभागातला हुतात्मा दिन. त्यासाठी ते बेळगावात होते. हृदय आधीच कमजोर झालेलं. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावातच हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय होतं फक्त ४८.

मार्चमध्ये निवडणूक झाली. इंदिरा गांधींना ३५२ जागा मिळाल्या, दोन तृतीयांशाहून जास्त. प्रजा समाजवादी पक्षाचे देशभरात दोन खासदार उरले. त्यातले एक राजापूरचे, मधू दंडवते.

नव्या सरकारने पहिल्या वर्षातच २४ वी घटनादुरुस्ती केली. नाथ पै जे मागत होते ते जवळपास तसंच कलम ३६८ मध्ये आलं. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी ही दुरुस्ती वैध ठरवली, गोलकनाथचा निकाल मोडीत काढला. मूलभूत हक्कांत बदल करता येईल, हे नाथ पैंचं म्हणणं टिकलं. पण सात विरुद्ध सहा अशा बहुमताने कोर्टाने एक कुंपण घातलं. दुरुस्ती करा, मात्र घटनेचा मूळ ढाचा मोडू नका.

या कुंपणाची गरज किती होती ते दोन वर्षांत दिसलं. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. २६ जूनला दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरमध्ये होते. तिथेच त्यांना वाजपेयी आणि अडवाणींबरोबर अटक झाली. पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात. राजापूरचा खासदार जवळपास दीड वर्ष कोठडीत होता, आणि बाहेर संसद घटना बदलत होती. ऑगस्ट १९७५ मध्ये पंतप्रधानांच्या निवडणुकीला कोर्टाच्या कक्षेबाहेर काढणारी ३९ वी दुरुस्ती चार दिवसांत संसदेतून, राज्यांतून आणि राष्ट्रपतींच्या सहीतून पार पडली. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने तर घटनादुरुस्तीला कोणत्याच कोर्टात आव्हान देता येणार नाही असं लिहून टाकलं.

नाथ पै असते तर त्यांनी काय केलं असतं, यावर आजही कोकणात गप्पा रंगतात. त्यांचा आधीचा रेकॉर्ड बघता तेही दंडवत्यांच्या शेजारच्या कोठडीत असते असं मानायला हरकत नाही. पण ज्या अधिकारासाठी ते तीन-साडेतीन वर्षं भांडले, तोच अधिकार या दुरुस्त्यांमागे होता, हेही नाकारता येत नाही.

१९७७ मध्ये मतदारांनी इंदिरा गांधींचं सरकार पाडलं. दंडवते पुन्हा राजापूरमधून निवडून आले आणि रेल्वेमंत्री झाले. १९७८ मध्ये जनता सरकारने ४४ वी घटनादुरुस्ती केली. आणीबाणीतसुद्धा कलम २० आणि कलम २१, यातलं २१ म्हणजे जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, बंद ठेवता येणार नाहीत अशी तरतूद तिने केली. आणि त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून टाकला. गोलकनाथचा निकाल तसाच राहिला असता तर या दुरुस्तीचा दुसरा भाग संसदेला करता आला नसता.

२००९ च्या निवडणुकीपासून राजापूर हा लोकसभा मतदारसंघ यादीत नाही, त्याच्या जागी रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला. कलम ३६८ मधला तो मजकूर मात्र अजून आहे.